नांगरावरचा मासा

उबदार, नितळ समुद्राच्या काठी एकदा एक वृद्ध पाणबुड्या राहत असे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली प्रवाळांची लांबच लांब रांग होती. ती पाहू इच्छिणाऱ्यांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून तो त्यांना खाली नेत असे. गावातलाच एक तरुण त्याच्याकडे हे शिकायला येऊ लागला.

तरुण बरीच वर्षं दूरदेशी राहून समुद्राचं शास्त्र शिकून आला होता. येताच गावच्या बैठकीत तो तळमळून म्हणाला, "तुमच्या नांगरांखाली प्रवाळं मोडतात! तुम्हाला दिसत कसं नाही?" समोर त्याचे मच्छीमार वडील बसले होते. ते उठून गेले. तेव्हापासून जेवायला हाक मारण्यापलीकडे बापलेकांत बोलणं उरलं नाही. परदेशात ज्या आवाजासाठी तो झुरला होता, तो आता शेजारच्या खोलीत ऐकू येई, पण त्याच्याशी बोलत नसे.

एके सकाळी वृद्धाने तरुणाच्या वडिलांनाच होडी आणायला सांगितलं. त्याचा शब्द मोडवेना म्हणून ते आले. त्यांना होडीत ठेवून गुरुशिष्य पाण्यात उतरले.

खाली, प्रवाळांच्या एका खाचेत, शिष्याला एक दगडी नांगर दिसला. त्यावर छिन्नीने मासा कोरलेला होता. लहानपणी त्या माशावरून त्याने कितीदा बोट फिरवलं होतं! वडिलांचा हरवलेला नांगर तो हाच. आता अर्ध्या माशावर जांभळं प्रवाळ चढलं होतं आणि इवले पिवळे मासे त्याच्या आडोशाला ये-जा करत होते.

शिष्याचं काळीज भरून आलं. बाबांना सांगायला हवं, आत्ताच! तो वर निघाला. पण डोक्यावर दोन-तीन पुरुष पाणी उरलं असताना वृद्धाने एका हाताने होडीच्या नांगराची दोरी धरली आणि दुसऱ्या हाताने शिष्याचं मनगट.

वर होडीचा तळ स्पष्ट दिसत होता. काठावरून पाण्यात सोडलेले वडिलांचे पाय दिसत होते, मिठाच्या पाण्याने भेगाळलेल्या टाचांसह. शिष्याने हिसका दिला. वृद्धाने सोडलं नाही. दुसरं काहीच करता येईना, तेव्हा शिष्य खाली पाहू लागला. त्याची नजर दोरीवरून उतरत गेली. दोरी प्रवाळांवर पडली नव्हती. बाबांनी ती त्यांना टाळून, लांब तिरकी नेऊन, पांढऱ्या वाळूत सोडली होती.

तो तिच्याकडे पाहतच राहिला. मनगट कधी सुटलं हेही त्याला कळलं नाही.

वर आल्यावर होडीचा काठ धरून त्याने विचारलं, "आजोबा, मला का अडवलंत?"

वृद्ध हळू आवाजात म्हणाला, "पोरा, खोल पाण्यात श्वासातली हवा रक्तात मुरते. सावकाश वर आलास, तर ती श्वासावाटेच निघून जाते. धावत आलास, तर तिचे बुडबुडे होतात आणि अंगात सुऱ्यांसारखे फिरतात. तू दूरदेशाहूनही असाच धावत वर आलास. प्रेमानेच आलास, ते मला ठाऊक आहे. पण घर हाताशी दिसलं, तरी त्याच्या थोडं खाली थांबावं लागतं."

"काय रे," वरून वडिलांचा आवाज आला, "एवढा वेळ खाली काय जेवायला बसला होतात?"

कित्येक दिवसांनी ते त्याच्याशी असं बोलत होते. शिष्य होडीत चढला. नांगर सापडल्याचं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने तिथेच थांबवलं आणि तो वडिलांशेजारी बसला.

"बाबा, आपला तो माशाचा नांगर होता ना? तो कुठे हरवला?"

वडिलांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग हसून ते थोडे त्याच्याकडे सरकले.

"तो होय? अरे, ती मोठी गंमत आहे. ऐक..."

आणि काही क्षणांपूर्वीच तो नांगर पाहून आलेला मुलगा, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकू लागला.