खरेदीला चाललोय

क्रूझवर नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा जहाज एका कॅरिबियन बेटाला लागलेलं होतं. सुलोचना पेंढारकर त्याचं चाकांचं स्ट्रेचर ढकलत धक्क्यावरच्या फाटकाशी धावली. पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत अडकले होते.

"पासपोर्टशिवाय दवाखान्यात जाता येणार नाही," अधिकारी ताठ्यात म्हणाला.

शेजारून सहप्रवासी नुसतं जहाजाचं कार्ड दाखवून बाहेर पडत होते.

"मग यांना कसं सोडता?"

"ते खरेदीला चाललेत. त्याला कार्ड पुरतं."

सुलोचनाने दोघांची कार्डं पुढे धरली. "आम्हीही खरेदीलाच चाललोय, साहेब. तुमच्या दवाखान्यात प्राणवायू विकत मिळतो ना? तेवढा घेतो आणि परत येतो."

अधिकाऱ्याने दोन्ही कार्डं पाहून फाटक उघडलं.

पण दवाखान्याच्या पायरीवरच तिच्या हातातला नवऱ्याचा हात गार पडला.