भरल्या कळशीची तपासणी

त्या राज्यात घागरी, कळश्या आणि तपेल्या यांना पालथं घालून तपासण्याची रीत होती. हंडे आणि डबे वैद्याकडे गेले की सरळ उभे राहत आणि काय होतंय ते स्वतः सांगत. कळशी गेली की तिचं तोंड जमिनीला टेकवलं जाई. त्या तोंडातून आवाज उमटलाच तर तो मातीत जिरे, म्हणून तिची तक्रार तिचं झाकण सांगे. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही विचित्र आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

वैद्य म्हणजे हातोडे. ते थोर होते आणि नेहमी घाईत असत. बुडावर दोन टोले मारायचे आणि आवाज खणखणीत आला की पुढची बोलवायची. कोऱ्या तपेलीला दुखतंय असं कळलं तर सांगत, चुलीवर चढली की बरं वाटेल. चुलीवर आयुष्य काढलेली कढई आली तर सांगत, चुलीवर चढल्यावर असं व्हायचंच.

तिथल्या एका तांब्याच्या कळशीच्या बुडाशी, सांध्यात, कळ येई आणि तिच्याखाली ओल धरे. पाणी न धरणाऱ्या भांड्याची रवानगी भट्टीत, असा राज्याचा कायदा होता. कळशी रोज आपल्या ओलीवरच बसून राही, ती ओल कुणाला दिसू नये म्हणून.

तिनं एकामागून एक हातोडे गाठले. दर वेळी ती पालथी पडे आणि झाकण म्हणे, "हिला तसं काही नाही हो. जरा हळवी आहे."

"पाणी कमी भरत जा," हातोडा सांगे.

तिनं पाणी कमी भरलं. मग आणखी कमी. शेवटी ती जवळजवळ रिकामीच राहू लागली, तेव्हा ओल थांबली. झाकण खूश होऊन म्हणालं, "बघ, झालीस की नाही बरी?"

पाणवठ्यावर तिला परात भेटली. "रिकामी का गं फिरतेस?" परातीनं विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. "टेकडीपलीकडे फुंकणी बसते. माझा चेपलेला काठ तिनं सरळ केला. आणि ऐक, ती पालथं घालत नाही."

"मग तपासते कशी?"

"बघून. आणि विचारून."

"कुणाला विचारून?"

"मला, बाई. मलाही आधी कळेना कुणाशी बोलतेय. मी मागे वळून पाहिलं."

कळशी निघाली. झाकणही निघालं. "फुंकणी आणि वैद्य," ते वाटभर पुटपुटत होतं. "चूल पेटवायची सोडून भलते उद्योग."

दारातच फुंकणी म्हणाली, "झाकणांनी ओसरीवर बसावं. सावली आहे."

"हिचं मला विचारा. तिला नीट सांगता येत नाही."

"अडलं तर बोलावते तुम्हाला," फुंकणी म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

आत जाताच कळशी सवयीनं पालथी झाली.

"अशा का बसलात?" फुंकणीनं विचारलं.

कळशीला आजवर कुणी अहोजाहो केलं नव्हतं. "तपासायला," ती जमिनीतूनच म्हणाली.

"पण मला तुमच्याशी बोलायचंय."

कळशी हळूहळू सरळ झाली. फुंकणी दोन्ही टोकांनी मोकळी होती. तिनं एक टोक कळशीच्या तोंडाशी धरलं आणि ती ऐकू लागली. कळशी अडखळत बोलू लागली. मग न अडखळता. मग तिला थांबवणं अवघड झालं, पण कुणी थांबवतही नव्हतं.

"कळ येते कधी?"

"भरल्यावर."

"आणि तपासलं कसं?"

"रिकामी करून. पालथी."

फुंकणी पाणी घेऊन आली. मग तिनं विचारलं, "भरू का तुम्हाला? चालेल?"

कळशी गळ्यापर्यंत भरली गेली. थोड्याच वेळात बुडाच्या सांध्यातून एक थेंब आला, मग दुसरा. "ही बघा चीर," फुंकणी म्हणाली. "तुम्ही सांगितलीत तिथंच आहे."

कळशीला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू.

"आता रिकामं करून चिरेवर कथलाचा डाख लावावा लागेल. चटका बसेल. थांबा म्हणालात की थांबेन."

निखारा लाल झाला, फुंकर सुरू झाली. "थांबा," कळशी म्हणाली. फुंकर थांबली. जरा वेळानं ती पुन्हा म्हणाली, "थांबा." फुंकर पुन्हा थांबली.

"फार भाजतंय का?"

"नाही," कळशी म्हणाली. "खरंच थांबता का, ते बघत होते."

"मग आणखी एकदा बघा," फुंकणी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की ओसरीवरचं झाकण उठून उभं राहिलं.

कळशी काठोकाठ भरून बाहेर आली. "काय झालं होतं हिला?" झाकणानं फुंकणीला विचारलं. फुंकणी नुसती कळशीकडे पाहून आत गेली. तिथं पुढच्या पाळीची घागर पालथी होऊ लागली होती.

झाकण नेहमीसारखं कळशीच्या डोक्यावर चढू लागलं.

"आज नको," ती म्हणाली. "वारा लागू दे."

मग झाकण तिच्या शेजारून, आपल्या काठावर घरंगळत, दगडांवर आपटत चालू लागलं. उतारावर त्यानं विचारलं, "फार दुखायचं का गं?"

कळशी थांबली. मग तिनं अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. झाकण मध्ये बोललं नाही. ऊन उतरलं तरी दोघं चालत होती, आणि मागं राहिलेली सगळी वाट कोरडी होती.