अंधारीत धरलेला सदरा

"बाबा, टेंभा माझ्या हातात कधी देणार?"

"इथं भीती वाटते तुला?"

"मला? अजिबात नाही."

"मग नाही देणार."

किल्ल्यातल्या भुयाराच्या तोंडाशी हे बोलणं चाललं होतं. भुयाराला तिथले लोक अंधारी म्हणतात. बाबा म्हणजे यासीनबाबा, पायथ्याच्या पिराजवळ राहणारा फकीर. आलेल्या माणसांना टेंभ्याच्या उजेडात अंधारीतून वर काढायचं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. विचारणारा सुखदेव, त्याचा चेला. चेला कसला, आडदांड गडी.

आमच्या बचत गटाची सहल होती. सकाळपासून मकबरा पाहिला, वेशी पाहिल्या. अंधारीचं नाव काढल्यावर सगळ्या बायका पायरीवर बसल्या. शेवंता म्हणाली, "घरातला अंधार काय कमी आहे?" मी एकटीच आत गेले. पैसे देऊन शहर बघायला आले होते, पायरी बघायला नाही.

पुढे बाबा, मध्ये मी, मागे सुखदेव. वटवाघळांचा वास नाकात बसला. सुखदेव पाठ केल्यासारखा बोलत होता.

"मावशी, शत्रू इथूनच वर यायचा. काळोखात वेडापिसा व्हायचा. मग डावीकडे उजेड दिसायचा. त्याला वाटायचं, सुटलो. धावला की भगदाडातून थेट खंदकात. आता भगदाडावर झुडपं माजलीत, उजेड येत नाही."

आणि हसला.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं.

"अहो, रोजचं आहे. डोळे मिटून नेतो मी तुम्हाला. बाबांना खोटं वाटतं. बाबा, विझवा टेंभा."

बाबा थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं. टेंभा दगडावर दाबला.

गेला उजेड.

"अहो, मला कुणी विचारलंत का?" मी ओरडले.

दोघांच्या हट्टात माझा जीव टांगणीला.

सुखदेव मला आणि बाबाला ओलांडून पुढे आला. "मावशी, माझा सदरा धरा. काही होत नाही."

मी धरला. दोन्ही मुठींनी. तो चालायला लागला, भराभर, जसा काही बाजारात निघालाय. डोक्यावरून फडफड गेली. मी ठेचकाळले. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना.

"सुखदेव." बाबाचा आवाज मागून आला.

"जी."

"सदरा कुणी धरलाय?"

"मावशींनी."

"नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही."

"विचार."

"मावशी, नाव काय तुमचं?"

"गिरिजा," मी म्हटलं. "आणि ही काय वेळ आहे रे नाव विचारायची?"

"घरी कोण आहे, विचार."

त्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं. "सासू आहे. अंथरुणाला खिळलेली. माझ्याच हातनं खाते. दुसऱ्या कुणी भरवलं तर थुंकून टाकते."

कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग चाल."

सुखदेव जागचा हलला नाही.

"चाल की. डोळे मिटून नेणार होतास."

"बाबा..." आवाज एकदम बारीक झाला होता. "भगदाड पुढे आहे... की मागे राहिलं?"

"तुला ठाऊक आहे."

"ठाऊक होतं."

माझ्या मुठी थरथरत होत्या. मी दात आवळले, हात घट्ट केले. थरथर थांबेना. मग कळलं, थरथर माझी नव्हती. सदऱ्याच्या आतली पाठ हलत होती.

तोवर भ्याले होते ते अंधाराला. आता ज्याला धरलं होतं तोच वाट हरवलेला. सासूचं तोंड डोळ्यांपुढं आलं, उघडं, घासाची वाट बघणारं.

"बाबा, काडी ओढा," मी म्हटलं. "तुमची शिकवणी घाला चुलीत."

उजेड काही आला नाही.

"पाय उचलू नकोस," मी सुखदेवला म्हटलं. "उचललास तर बघ."

"नाही उचलत, मावशी."

मग तो हळूच म्हणाला, "बाबा... मला भीती वाटते."

काडी भिंतीवर खर्रकन ओढली गेली. बाबा लांब नव्हताच. टेंभा काखेत धरून माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि त्याचा दुसरा हात सुखदेवच्या कमरपट्ट्यात होता.

टेंभा पेटला. भगदाड कुठं होतं ते मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं.

सुखदेव खाली बसला, त्या घाणीतच. तोंड घामानं भिजलेलं. माझ्याकडे बघेना.

"बाबा, तुम्हीच पुढे व्हा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

बाबानं टेंभा त्याच्या हातात दिला. मग मागं जाऊन माझ्या पाठीशी उभा राहिला.

"हं... आता तू पुढे हो."