भिवाची गोधडी

"या दोन्ही गोधड्या कुठं ठेवू, आक्का?"

त्रिंबकनं विचारलं खरं, पण उत्तराची वाट बघितली नाही. घड्या तुळसाक्कांच्या पुढ्यात टाकल्या आणि ताठ उभा राहिला.

आक्का सुईत दोरा ओवत होत्या. तो काही जाईना. "धुवायला आणल्यास?"

"परत करायला. झोप सोडली मी."

"बरं."

दुपार कलली होती. माळावरच्या त्या मठात सगळेच दमलेले. पाणी खालून आणावं लागतं, लाकडं लांबून. आक्कांचे तर डोळेच दमले होते.

या मठात साधना एकच. शिष्यानं रोज रिकाम्या आसनासमोर बसायचं आणि मनातल्या मनात एक सोबती घडवायचा. आधी पाय, मग हात, मग चेहरा. आवाज मात्र घडवायचा नाही, तो त्याचा त्याला फुटू द्यायचा. यात वर्षं जातात. सोबती आपणहून, शिष्याच्या ध्यानीमनी नसलेलं काही बोलला, की आक्का त्याच्यासाठी गोधडी शिवतात. ती शिष्याच्या शेजारी अंथरायची. दाढीवाला गुरू शोधत आलेले कितीतरी जण म्हातारीला टाके घालताना बघून दारातूनच परत गेले. आक्कांनी कुणाला थांबवलं नाही.

त्रिंबक राहिला. लोकांच्या घरी, लोकांच्या गुरांमागं वाढलेला माणूस. 'ए' याखेरीज त्याला हाक नव्हती. त्यानं घडवलेला भिवा पहिल्यांदा बोलला तो एकच शब्द, "त्रिंबक." त्या दिवशी तो जेवला नव्हता. नुसता रडत होता.

"झोप सोडून काय मिळालं?" आक्कांनी विचारलं.

"भिवा आता उघड्या डोळ्यांनी दिसतो." त्रिंबकचे डोळे लाल होते, पापण्या सुजलेल्या. "बाकीच्यांना डोळे मिटावे लागतात. मला लागत नाहीत. हा काय, खांबाशी उभा आहे."

"असं होय." आक्कांनी खांबाकडं बघितलं. "मग तोंड असं का तुझं? म्हैस मेल्यासारखं?"

त्रिंबक खाली बसला.

"तो हाक मारत नाही आक्का…"

"कधीपासून?"

"दिसायला लागला तेव्हापासून. नुसती मान हलवतो."

"कशाला मान हलवतो?"

"जे विचारेन त्याला. हो म्हणतो."

आक्कांनी सुई कापडात खोचली. "म्हातारी मूर्ख आहे का, विचार त्याला."

त्रिंबकनं खांबाकडं बघितलं. "हो म्हणाला."

"शहाणा दिसतोय. आता विचार, म्हातारी हुशार आहे का."

"…हो म्हणाला."

"त्यालाच विचार, तू जिवंत आहेस का."

"हो म्हणाला."

"मेलास का, विचार."

त्रिंबक खांबाकडं वळला.

"हो म्हणाला, आक्का."

बाहेर कुणीतरी लाकडांची मोळी टाकली. आवाज विरला.

"तुझा भिवा असा होता?"

"नाही. भिवा भांडायचा. आमटीत मीठ जास्त पडलं तर ऐकवायचा. मी पाठांतरात चुकलो की हसायचा. एकदा मी त्याला म्हटलं, मी आता मोठा साधक झालो. तर म्हणाला, आधी नाक पूस." त्रिंबकला हसू आलं आणि मध्येच अडकलं.

"मग हा खांबाशी कोण आहे?"

"…माहीत नाही."

"भिवा शेवटचं काय बोलला होता?"

त्रिंबकनं बोटानं मातीत रेघ ओढली, पुसली.

"झोप आता, म्हणाला."

"आणि तू?"

"मी म्हटलं, तू डोळ्यांना दिसेपर्यंत नाही. लाकडाच्या ओंडक्याला पाठ लावून बसलो. पेंग आली की पाण्याचे हबके मारले. तो पुन्हा म्हणाला, त्रिंबक, झोप. मी म्हटलं, तू गप."

"मग?"

"मग तो गप झाला."

आक्का गुडघ्यावर हात रेटून उठल्या. हाडं वाजली. त्यांनी एक गोधडी झटकून अंथरली. शेजारी दुसरी अंथरली. तिच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, पायाकडची कड दुमडली.

"पड."

"नको, आक्का."

"का? साधक बाटतो का झोपल्यानं?"

"मी झोपलो आणि तो कायमचा गेला तर…" त्रिंबकचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मला दुसरं कोण आहे? निदान हा खांबाशी उभा तरी आहे. तेवढं तरी राहू द्या. राखण कोण करणार?"

"मी बसलेय ना. दोरा ओवायचाय मला अजून."

"तुम्हाला तो दिसणार नाही."

"दोरा तरी कुठं दिसतोय? पड."

त्रिंबक आडवा झाला. डोळे उघडेच ठेवले त्यानं, खांबाकडं लावून. काहीतरी सांगायला लागला, भिवाला उजव्या कुशीवर पडायला आवडतं म्हणून त्याची गोधडी जरा… आणि शब्द तिथंच राहिला. तोंड उघडं, हात शेजारच्या गोधडीवर.

आक्कांनी सुई उजेडाकडं धरली. दोरा गेला नाही. त्यांनी सुई बाजूला ठेवली.

मग दाराकडं तोंड करून, हळू आवाजात म्हणाल्या,

"ये रे भिवा. झोपला एकदाचा."