थोरली आणि धाकटी लादी

माळावरचा विमानतळ नवा होता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या धावपट्टीत काँक्रीटच्या दोन लाद्या शेजारी शेजारी राहायच्या, थोरली आणि धाकटी. त्यांच्यामधल्या सांध्यात पोलादी सळ्या होत्या. विमानाचं चाक एकीच्या कडेवर आलं, की सळ्या थोडा भार दुसरीकडे पोहोचवायच्या.

विमानं मोठी होत गेली, तशी थोरली कुरकुरू लागली. "चाक तुझ्यावर, आणि वाकायचं मी?"

"अगं ताई, तुझ्यावर येतं तेव्हा मीही वाकतेच की!"

थोरलीला ते पटलं नाही. ती अंग चोरू लागली. सळ्यांवरची तिची पकड ढिली झाली आणि धाकटी एकटीच दबू लागली. सांध्यातून पाणी शिरलं. प्रत्येक चाकासरशी धाकटीखालची माती चिखल होऊन बाहेर उडू लागली.

"ताई, माझ्या कोपऱ्याखाली आता काहीच उरलं नाही गं," एका दुपारी ती म्हणाली.

थोरलीनं सळ्या घट्ट धरायला पाहिलं, पण त्या बसायच्या ती भोकं झिजून रुंद झाली होती. विमान उतरलं. धाकटीचा कोपरा कडकन मोडला.

माणसं आली. त्यांनी धाकटीला फोडून ट्रकमध्ये भरलं. थोरली हाका मारत राहिली.

त्या जागी नव्या सळ्या बसवून नवी लादी ओतली गेली. घट्ट झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, माझ्याआधी इथं कोण होतं?"

थोरलीनं नव्या सळ्या घट्ट धरल्या. तेवढ्यात टोकाला एक विमान वळलं.

"घाबरू नकोस," ती कशीबशी म्हणाली, "मी धरलंय."