बिनकठड्याचा सत्कार

म्हातारा माणूस पडला की तुम्ही त्याच्या गुडघ्यांना दोष देता. ज्या पायऱ्यांवरून तो पडला, त्या बांधणाऱ्याला मात्र कधी काही विचारत नाही.

यादवनानांनी नगरवाचनालयाचा जिना चढायचं सोडलं होतं. जिना बाहेरून, उंच आणि बिनकठड्याचा. दिवाळीत त्यांचे मित्र तिथून पडले, तेव्हापासून वरचे पेपर, बुद्धिबळ, चहासोबतची भांडणं, सगळंच नानांचं तुटलं. शेवटी कठडा मागायला ते नगराध्यक्षांकडे गेले.

"पडायची भीती वाटते ना? मग घरी बसा, नाना," नगराध्यक्ष दलपतराव हसले. "पेपर घरपोच पाठवतो."

पुढच्याच आठवड्यात नानांनी वाचनालयात दलपतरावांचा जंगी सत्कार ठरवला. तिथल्या मंडळींनी नाकापर्यंत हार घातले, पायघोळ शाल पांघरली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात भलामोठा पुष्पगुच्छ. दलपतराव उतरायला निघाले आणि वरच्याच पायरीवर थिजले. खालची पायरी दिसेना, हात मोकळा नाही, आणि असता तरी धरायला काही नाही.

खाली खुर्चीवर बसलेल्या नानांनी हाक दिली, "भीती वाटते का, साहेब? मग वरच बसा. डबा पाठवतो!"

अख्खा चौक हसला. दलपतराव आधी लालबुंद झाले, मग स्वतःच हसू लागले. "उद्या कठडा बसवतो, नाना. पहिले तुम्हीच चढा."

दलपतरावांना धरायला धावत वर गेलेला त्यांचा ड्रायव्हर खाली बघून म्हणाला, "साहेब, आजच बसवा की. आता मला कोण उतरवणार?"