पैकाबाईची उघडी टोपली

जीपगाड्या नव्हत्या, जंगलाला फाटक नव्हतं आणि वाघांना नंबर नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. जंगलाच्या कडेला पिंपळझरी गावात पैकाबाई नावाची बुरडीण राहायची. तिनं डोळे मिटून बांबू चिरला तरी कामटी केसासारखी बारीक निघायची, असं म्हणतात. खरं-खोटं मला विचारू नका, मी ऐकलं तसं सांगतो.

लांबलांबून पाहुणे जंगल बघायला यायचे. पैकाबाई त्यांना पाणवठ्यावरची सांबरं दाखवायची, मोहाखालची अस्वलं दाखवायची आणि परतल्यावर अंगणात टोपली विणायला शिकवायची. तिचा एक नेम होता. निघताना प्रत्येक पाहुण्यानं अर्धवट टोपलीत आपली एक कामटी खोचायची. सगळे परतले की त्या मोजायच्या, विणायच्या आणि मगच टोपलीची कड बांधायची. कड उघडी असेपर्यंत जंगल माणसाला ठेवून घेत नाही. जंगलानं तिला तसा शब्दच दिला होता, असं म्हणतात.

तिचा नवरा डोमा रांगेत सगळ्यांत मागं चालायचा, पाण्याचा तुंबा खांद्यावर घेऊन. माणूस इतका अबोल, की तो सोबत आहे हे तहान लागली की आठवायचं.

एका पाहुणीनं एकदा विचारलं, "यांची कामटी कुठाय?"

पैकाबाई हसली. "घरच्या मानसाले कायले कामटी? तो का पाहुना हाय?"

डोमाही हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण ते तेव्हा कुणाला कळलं?

एका उन्हाळ्यात नऊ पाहुणे आले होते. बांबूच्या दाट बनात मागून बछड्यांची वाघीण गुरगुरली आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. पैकाबाई त्यांना धीर देत, पुढं काढत थेट अंगणापर्यंत घेऊन आली. मागं काठी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. डोमा मागं आहे, म्हणून तीही निर्धास्त होती.

अंगणात तिनं माणसं मोजली, नऊ. कामट्या मोजल्या, नऊ. तिनं टोपली विणून कड बांधली आणि सुस्कारा सोडला. तेवढ्यात एकानं प्यायला पाणी मागितलं.

पाणी डोमाच्या खांद्यावर होतं.

ती कड सोडवायला बसली. तिनं बांधलेली कड कधी सुटत नसे, याचा तिला फार अभिमान होता. बोटं रक्ताळली, कड सुटेना. शेवटी कोयत्यानं ती तोडून, उघडी टोपली पोटाशी धरून ती जंगलात धावली. गावानं चार दिवस दोघांचा शोध घेतला. सापडला फक्त तुंबा, काठोकाठ भरलेला. त्या वर्षी अवेळी सगळ्या बांबूला फुलोरा आला आणि बन उभंच्या उभं वाळलं, असं म्हणतात.

आता गावात जीपगाड्या आल्यात, टोपल्या शिकवायला मोठी शेड आहे. पण पिंपळझरीत आजही पहिली कामटी वाट दाखवणाऱ्याची, दुसरी गाडी चालवणाऱ्याची, मग पाहुण्यांच्या. शेडमध्ये एक टोपली वर्षानुवर्षं कड न बांधता टांगलेली असते, खाली पाण्यानं भरलेला तुंबा. कुणी हौशी पाहुणा तिची किंमत विचारतो. विणणाऱ्या बाया मान वर न करता सांगतात,

"ते इकाची नाही. दोन मानसं वापस याची हायेत अजून."